फळ्याची घरची बाजू

बाबा आज पहाटे गेले, आणि मला त्यांचा भयंकर राग आलाय.

सकाळपासून फोन येताहेत. "फार मोठा माणूस गेला." "सर नसते तर आमचं एम.ए. झालंच नसतं."

सगळं खरं आहे. म्हणून तर जास्त चिडचिड होतेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. बाबा तेलुगू मुलखातल्या बोथ गावी मराठी माध्यमाच्या शाळेत इतिहास शिकवायचे. रविवारी आमच्या ओसरीत त्यांचा फुकट क्लास चालायचा. आजूबाजूच्या गावांतले मराठी शिक्षक बाहेरून एम.ए. करायचे, आणि त्या सगळ्यांना एका पेपरची धास्ती असायची. अमेरिकेचा इतिहास.

गाइड मिळायचं ते तेलुगूत, नाहीतर इंग्रजीत. मराठीत फक्त बाबा.

त्यांची एक पद्धत होती. फळ्याच्या मधोमध उभी रेघ मारायची. डावीकडे लिहायचं 'बाहेर', उजवीकडे 'घरी'.

"देश बाहेर काय करून राह्यला, ते कोनीबी सांगते. त्याच टायमाले घरी काय चालू होतं, ते सांगा."

बाहेर: क्युबाला स्पेनच्या तावडीतून सोडवलं.
घरी: काळ्या माणसांना जमाव झाडाला लटकवत होता.

बाहेर: लोकशाही वाचवायला पहिल्या महायुद्धात उतरले.
घरी: युद्ध नको म्हणणारे तुरुंगात. मताचा हक्क मागत राष्ट्राध्यक्षांच्या दारात उभ्या राहिलेल्या बायकाही तुरुंगात.

बाजारहत्नूरचे एक सर घाबरून विचारायचे, "सर, असं लिहिलं तर मार्क भेटतीन का?"

"मार्क भेटो ना भेटो, खरं लिहा!"

फिलिपाइन्स आलं की मात्र बाबांचा आवाज चढायचा. स्पेनला हरवून अमेरिकेनं ती बेटं स्वतःच ठेवून घेतली. तिथल्या लोकांना सांगितलं, तुम्ही आपलं राज्य चालवायला अजून तयार नाही. आम्ही तयार करू, मग सोडू.

"तयार हाय का नाई, हे ठरवनारा तू कोन बे?" बाबा फळ्यावर हात आपटायचे. अंगावर सगळा खडू.

आत आई मला म्हणायची, "झालं. आता चहा थंडा करतीन."

'तयार' या शब्दावर बाबांचा राग असायला कारण होतं. आजोबा सालगडी. बाबांना शाळेत घालतो म्हणाले, तेव्हा मालकानं त्यांना हेच ऐकवलं होतं. तुमची पोरं अजून तयार नाहीत.

चहाचे कप आत-बाहेर करता करता माझा तो अख्खा पेपर पाठ झाला. बी.ए. झाले. हैदराबादच्या युनिव्हर्सिटीत एम.ए.ला नंबर लागला. इतिहासालाच. हॉस्टेलही मिळालं.

बाबा म्हणाले, "या वर्षी नोको. तू अजून तयार नाई झाली."

मला आधी वाटलं, मस्करी करताहेत.

"काऊन, बाबा? नंबर लागला ना माहा?"

"एकटीनं राहाचं हाय. शयर मोठं हाय. एखांदं वर्ष जाऊ दे."

रविवार आला. क्लास जमायच्या आधी मी फळ्यावर रेघ मारली.

बाहेर: फिलिपाइन्सला स्वातंत्र्य मिळालंच पाहिजे.
घरी: पोरगी अजून तयार नाही.

शिक्षक आले, वाचलं, वह्या उघडून बसले. मग बाबा आले. त्यांनीही वाचलं. डस्टर उचललं आणि फक्त उजवी बाजू पुसली.

मग पनामाचा कालवा शिकवला. अगदी नेहमीसारखा, रंगवून.

आत आई जरा मोठ्यानंच बोलली, "लय झाली अमेरिका. घरात काय चालू हाय ते पाहा म्हना."

बाबांना ऐकू गेलं होतं. कालवा पुढे सरकला.

ॲडमिशनची तारीख गेली. पुढच्या वर्षी माझं लग्न झालं. ते 'एखादं वर्ष' कुणाचं कधी संपतं? फिलिपाइन्सला तयार ठरवायला अमेरिकेला दुसरं महायुद्ध संपेपर्यंत वेळ लागला.

मी नंतर बी.एड. केलं, शाळेत लागले. बरं शिकवते, मुलं सांगतात. पण ते एम.ए. राहिलं ते राहिलंच. अजूनही कुणी "तुमचं शिक्षण किती?" म्हटलं की मी विषय बदलते.

आणि आता ऐका.

गेल्या महिन्यात माझ्या मुलीला हैदराबादला ॲडमिशन मिळाली. बाबा खाटेवरच होते, आवाज खोल गेलेला. नातीला म्हणतात कसे, "जा माय. तयार व्हाची वाट नोको पाहू. गेल्यावर होते मानूस तयार."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोरगी बाहेर गेल्यावर मी विचारलं, "मंग मले काऊन नाई जाऊ देल्लं?"



"तू तयार होती," बाबा म्हणाले. "मीच नोवतो."

एवढंच! हे तेव्हा बोलला असतात तर मी भांडले असते, रडले असते, पण बॅग भरली असती, बाबा. जगातल्या सरकारांना प्रश्न विचारायला तुम्ही लोकांना शिकवलंत, आणि स्वतःच्या ओसरीत एवढं एक वाक्य तुमच्या तोंडून निघेना?

त्या दिवशी मी त्यांची चादर सारखी केली. ठरवलं, जरा बरे झाले की नीट बसून भांडायचं. सगळं काढायचं.

बरे झालेच नाहीत. परवा डॉक्टर म्हणाले, मनाची तयारी ठेवा.

आज दुपारी तुम्हाला घेऊन निघायचं आहे. मग विहारात सभा. तुमचे विद्यार्थी बोलतील, बाहेरची बाजू काठोकाठ भरतील, आणि त्यातला शब्द न् शब्द खरा असेल. मीही तिथे मान डोलावेन.

घरची बाजू मी इथे लिहिली. या वेळी ती कुणी पुसायची नाही.

तुम्ही निघालात, बाबा. आणि मी तयार नाही. खरंच नाही.

जा तरीही.

जय भीम.