केबिनमधली टेलरमावशी

टेलरमावशींनी दुकानाचं शटर कायमचं खाली ओढलं तेव्हा त्या चौसष्ट वर्षांच्या होत्या. अडतीस वर्षं बाजारातल्या अरुंद गाळ्यात त्यांनी अख्ख्या गावाचे गणवेश, झबली, पडदे शिवले. पुढे सुईत दोरा ओवायला शेजारच्या चष्मेवाल्याला हाक मारावी लागायला लागली, तेव्हा म्हणाल्या, आता बास.

घरी मात्र यजमान आधीपासूनच ठाण मांडून बसले होते. तीस वर्षं बसमध्ये कंडक्टरकी केलेला माणूस. निवृत्त झाला तरी आवाज निवृत्त झाला नव्हता. "तो डबा पुढे सरकव, मागे जागा रिकामी आहे," असं स्वयंपाकघराच्या दारातून चालायचं. तीन आठवड्यांत मावशींचा जीव मेटाकुटीला आला.

तेवढ्यात स्टेशनवरून निरोप आला. गाडी बंद झाल्यापासून गावाचं स्टेशन खताचं गोदाम झालं होतं. काही हौशी मंडळींनी सहा वर्षांचे रविवार घालवून ते पुन्हा उभं केलं होतं. कौलं बदलली, तिकीटखिडकी दुरुस्त केली, कुठूनतरी एक जुना डबाही आणून रुळांवर ठेवला. आता तिथे रेल्वेचं संग्रहालय होणार होतं आणि डब्यातल्या बाकांना खोळी हव्या होत्या. मावशी गळ्यात टेप अडकवून गेल्या आणि तिथल्याच झाल्या.

एका दुपारी खोळींचं काम आटोपून त्या फलाटाच्या टोकाच्या सिग्नल केबिनमध्ये चढल्या. उंचावरची लाकडी खोली, तीन बाजूंना खिडक्या आणि मधोमध ओळीने उभे छातीएवढे आठ लोखंडी खटके. पूर्वी केबिनवाला हे ओढून रूळ बदलायचा, सिग्नल द्यायचा. आता एकही धड हलत नव्हता. या हौशी मंडळाचे अध्यक्ष तिथेच उभे होते. त्यांना सगळे साहेब म्हणत. सगळी हयात पाणीपुरवठ्यात काढलेले इंजिनियर.

"गंजलेत," साहेब म्हणाले. "खालच्या पट्ट्या कटरने कापून टाकतो. लोकांना नुसते ओढता आले की झालं."

मावशींनी सहा नंबरचा खटका ओढून पाहिला. जरासा हलला आणि खट्ट करून थांबला. गंजलेलं यंत्र कसं अडतं हे त्यांना शिलाई मशीनमुळे पाठ होतं. ते आधी कुरकुरतं.

"साहेब, हा गंज नाही. याला कोणीतरी मुद्दाम अडवलंय."

"कोणी?"

"ज्याने बनवलं त्याने. मला आठ दिवस द्या."

"दिले. नवव्या दिवशी मात्र कटर."

मावशी केबिनखाली उताण्या झोपल्या, बॅटरी दातांत धरून. वर लोखंडी पट्ट्यांची जाळी होती. काही पट्ट्यांना खाचा, काहींना त्या खाचांत बसणारे गुटके. त्यांनी बेतायचा कागद पट्ट्यांवर दाबून एकेकीचा ठसा घेतला, घरी येऊन पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापल्या आणि जेवणाच्या टेबलावर जशाच्या तशा मांडल्या.

"हा कोणाचा सदरा?" यजमानांनी विचारलं.

"आगगाडीचा. बसा समोर. ती सहा नंबरची पट्टी तुमच्याकडे ओढा."

"रेल्वेचं काम, तेही माझ्या टेबलावर?" असं म्हणत ते बसले. "अडली."

"दोन ओढा."

"तीही अडली."

"मग आधी तीन."

"तीन आली. आता दोन... अगं, सरकली! थांब, सहापण येतेय!" ते खुर्चीतून अर्धवट उठले. "म्हणजे रूळ बदलून पक्का बसल्याशिवाय गाडीला सिग्नल देताच येत नाही?"

"तेच तर."

यजमानांनी तिन्ही पट्ट्या मागे ढकलून पुन्हा ओढून पाहिल्या. "आम्ही आधी बेल मारायचो," ते म्हणाले, "दार लागलंय का ते मग बघायचो."

आठव्या दिवशी मावशींनी सगळ्यांसमोर पाय रोवून तीन नंबर ओढला. खाली रूळ सरकल्याचा आवाज आला. मग दोन. सहा निम्म्यापर्यंत आला आणि करकरून अडकला.

"हा मात्र गंज," साहेब म्हणाले.

"हा गंजच," मावशी म्हणाल्या.

साहेब पांढऱ्या शर्टानिशी खाली उतरले. तासभर सिग्नलपर्यंत जाणाऱ्या तारेला आणि कप्प्यांना तेल पाजत राहिले. मग त्यांनी खालून हाक दिली. मावशींनी ओढलं आणि लांबच्या खांबावरचा सिग्नलचा लाल हात अलगद झुकला. चौतीस वर्षांत पहिल्यांदा. कुंपण रंगवणाऱ्याने ब्रश टाकून टाळ्या वाजवल्या.

"मावशी, पुन्हा एकदा!" साहेब खालून ओरडले. मावशींनी चारदा करून दाखवलं. कटर संध्याकाळीच ज्याचा त्याला परत गेला.

याला सात वर्षं झाली. यजमान आता तिकीटखिडकीत बसतात, पण आपण रेल्वेत फक्त पाहुणे आहोत असं बजावून सांगतात. केबिनमध्ये येईल त्याला मावशी आधी पुठ्ठ्याच्या पट्ट्या हातात देतात. कोडं उलगडल्याशिवाय खटक्याला हात लावू देत नाहीत. मोठमोठी माणसं घाम पुसत बसतात आणि एकदम हसतात. तो क्षण मावशींना फार आवडतो.

दुपारी गर्दी ओसरली की त्या खिडक्या उघडतात, तेलाचं फडकं घेऊन आठही खटके निगुतीने पुसतात.

"आई, या वयात दमत नाहीस?" लेक फोनवर विचारते.

"दमते की," मावशी म्हणतात. "छान दमते."