एकोडीच्या तांदळाची पिशवी

आजवर कोणालाच सांगितलं नाही, बायकोलासुद्धा नाही, ते आधी सांगून टाकतो. मामांची पिशवी फाटली ती तांदळामुळे नाही. माझ्यामुळे फाटली.

मामा म्हणजे साकोलीकडच्या आमच्या हायस्कुलातले प्रयोगशाळा परिचर. मी तिथे नवाच लागलेला विज्ञान शिक्षक. साल ऐंशीच्या आसपासचं. कोणतीही पातळ वस्तू दिसली की मामा तिच्यात दोन बोटं बुडवायचे, एकमेकांवर घासायचे आणि डोळे मिटून निकाल द्यायचे. "पातर हाये," नाहीतर "जीव हाये." एकदा मुख्याध्यापकांच्या चहातही बोटं गेली होती. ॲसिडच्या बाटल्या मी कुलपात ठेवायचो त्या मुलांच्या भीतीने नव्हे, मामांच्या.

नववीसाठी ते तांदळाची खळ शिजवून द्यायचे. आयोडीन टाकलं की ती निळी होते, तो प्रयोग. एकदा उरलेली खळ काचेवर सांडून वाळली आणि पापुद्र्यासारखी सुटून आली. मामांनी ती उन्हात धरली.

"सर, हे तं पन्नी होय!"

वाकवली तशी ती तडकली. मी सहज म्हणालो, "थोडं ग्लिसरीन घातलं तर नरम राहील." त्या एका वाक्याने माणूस कामाला लागला.

प्लास्टिकला आमच्याकडे पन्नी म्हणतात आणि मामांचा पन्नीवर भारी राग. त्यांच्या एकोडीच्या घरामागे तलाव. रोपवाटिकेतून रोपं आणायची, त्यांच्या काळ्या पिशव्या बांधावर फेकायच्या, ही लोकांची रीत. पावसात सगळ्या तलावात. "जाळ्यात मासोळी कमी न पन्नी जास्त," असं म्हणून ते पुढे आपलं ठरलेलं वाक्य जोडायचे, "मातीतून आनलं, ते मातीले वापस गेलं पायजे, सर."

भिजवलेला तांदूळ वाटून, गाळून तळाशी बसलेला पांढरा साका ते घ्यायचे. पाणी, थोडं व्हिनेगर आणि ग्लिसरीन घालून मंद आचेवर ढवळत राहायचे आणि तेल लावलेल्या काचेवर पसरायचे. दोन दिवसांत पान सुटायचं. कडा खळीनेच चिकटवल्या की पिशवी तयार. ग्लिसरीन मात्र कधी स्वतः ओतलं नाही. "दवा तुमच्याच हातानं, सर. तुमी शिकले हा."

स्टाफरूममध्ये टिंगल चालायची. "मामा, थैली आना ना, भूक लागली!"

"खा ना, गुरुजी. पन अगोदर पन्नी खाऊन पाहा."

अखेर रोपवाटिकेचे साहेब पिशवी बघायला यायला तयार झाले. रोप मुळाच्या मातीसकट तिच्यात घालायचं, घरी न्यायचं आणि पिशवीसकट खड्ड्यात ठेवायचं, एवढंच तिचं काम. साहेबांना पटलं असतं तर येत्या पावसाळ्यात एकोडीची रोपं मामांच्या पिशव्यांतून गेली असती. मामांनी धाकट्या भावाच्या बांधीतला, म्हणजे धानाच्या शेतातला, निवडक तांदूळ आणला. त्या दिवशी भाऊही धुतलेला सदरा घालून शाळेत हजर.

आता माझं. त्या हिवाळ्यात बायकोच्या टाचा इतक्या फुटल्या की चालताना रक्त यायचं. मामा घरी आले की हळहळायचे, "सूनबाई, उघड्या पायानं काहून फिरून राहिल्या?" टाचांना लावायला मी शाळेतलं ग्लिसरीन औषधाच्या बाटलीत भरून घरी नेऊ लागलो. बाटली उणी दिसू नये म्हणून तेवढंच पाणी घालत गेलो. साहेबांना दाखवायच्या पिशवीच्या खळीत मी ओतलं ते जास्त करून पाणीच होतं. ओततानाही मला ते माहीत होतं. वाटलं, जाईल निभावून.

साहेबांनी रोप आत ठेवलं आणि पिशवी उचलली. घडीवर तडकन आवाज झाला आणि माती त्यांच्या बुटांवर. एक जण हसला, मग सगळेच.

"तांदूळ हलका निंगाला, साहेब," मामा म्हणाले.

भावाचा चेहरा पडला. "आमच्या धानाले चार लोकांत नाव ठेवलं, दादा?" एवढंच बोलून तो निघून गेला. पुढे दोन वर्षं तो मामांशी बोलला नाही. मी तिथेच उभा होतो. नोकरी नवी होती. तोंड उघडलं नाही.

महिन्याभराने मी नागपूरहून ग्लिसरीनची नवी बाटली आणून गुपचूप ॲसिडच्याच काचेच्या दाराच्या कपाटात ठेवली. दोन दिवसांनी मामा आले. "बपेऱ्याहून बहिनीकडचा तांदूळ आनला, सर. चाला, बनवून पाहू."

पान असं नरम निघालं की मामा ते तळहातावर घेऊन वर्गावर्गात फिरले. साहेब काही पुन्हा आले नाहीत. पण पावसाळ्यात आम्ही शाळेच्या कुंपणाशी बारा रोपं पिशवीसकट लावली. पोळ्याच्या सुमारास मामांनी एका रोपाखालची माती उकरली. पिशवीचा मागमूस नव्हता. ती माती दोन बोटांत घासत ते म्हणाले, "गेली वापस."

निवृत्तीच्या दिवशी मी त्यांना सायकलपर्यंत पोचवायला गेलो. गळ्यातला हार हँडलला अडकवत त्यांनी विचारलं, "सर, सूनबाईच्या टाचा आता फुटत नाईत ना?"

"नाही, मामा."

"मंग झालं तं."

आणि गेले.

मी फाटकातच थांबलो. शाळेतलं ग्लिसरीन घरी जातं, हे त्यांना कोणी सांगितलं? मग आठवलं. पिशवी फाटली त्या आठवड्यात कपाट पुसायला म्हणून त्यांनी माझ्याकडून किल्ली नेली होती. तुम्हीच सांगा, बोटं न बुडवता त्या माणसाने ती बाटली जागेवर ठेवली असेल? आणि बपेऱ्याचा तांदूळ नेमका नवी बाटली आल्यावरच यावा? भावाचा अबोला त्यांनी सोसला, पण माझं नाव काढलं नाही.

लाज तर वाटलीच. पण खरं सांगतो, त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटलं. कोणाला तरी माहीत होतं, आणि तरीही तो माणूस रोज सकाळी मला "या, सर" म्हणत होता.

मामा आता नाहीत. बारातली सात झाडं कुंपणाशी उभी आहेत. भाऊ एकोडीत अजून तीच बांधी करतो आणि आपल्याच तांदळाने दादाचं हसं झालं असं समजतो. तांदूळ चांगला होता, ग्लिसरीनमध्ये पाणी मी घातलं होतं, हे त्याच्या दारात उभं राहून सांगणं मी मामांना अजून देणं लागतो.