बंद गाडीची टकटक

तापलेल्या सायलेन्सरवर भाजलेल्या चिखलाचा वास आला की नायगावचं आमचं अंगण आठवतं. कॉलेजच्या एका सुट्टीत मित्राची डर्ट बाईक माळावर फिरवून आणली होती आणि धुण्याआधी ती गार होऊ देत होतो. सायलेन्सरमधून टक्, टक् आवाज येत होता. "गाडी तर बंद हाय, मंग का वाजून राहिली?" वडिलांनी विचारलं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. उत्तर चुकलं तर त्यांचा शिक्षणावरचा विश्वास उडेल, अशी भीती वाटली. "गार होताना लोखंड आकसतं," मी चाचरत म्हणालो. त्यांनी घराच्या पत्र्यांकडे पाहिलं. "म्हंजी सांजच्याला पत्रे वाजतेत, ते बी ह्याच्यानंच? मी तर मांजर समजून हाकलत होतो!" मग बादली बाजूला सारून ते उकिडवे बसले. "आजून काय शिकिवतेत, सांग." आता सुट्टीला घरी जाताना मी त्यांना सांगायला एखादी गोष्ट नीट समजून घेऊनच निघतो.