उरलेलं झाड

रस्त्याकडेच्या विलायती शिरीषाजवळून जाताना ताई बोटाच्या पेराने खोडावर टकटक करायच्या आणि म्हणायच्या, "पोसलेलं लाकूड. लवकर जाणार."

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याला आपला विषय सोडून दुसरं बोलताच येत नाही. ताई इथे परदेशात, शहराच्या बुओना व्हिस्टा भागातल्या एका प्रयोगशाळेत जुन्या लाकडाचे काप तपासायच्या. टॅम्पिनीसच्या आमच्या फ्लॅटमधली एक खोली त्यांनी भाड्याने घेतली होती. चार वर्षं राहिल्या.

थंड, कोरड्या डोंगरांवरची झाडं हजारो वर्षं कशी जगतात, असं माझ्या मुलीने एकदा विचारलं.

"उपाशी असतात, म्हणून हळू वाढतात," ताई म्हणाल्या. "हळू वाढलं की लाकूड घट्ट होतं, त्यात राळ भरते. तिथल्या थंडीत कीड-बुरशी फारशी फिरकत नाही. झाडं लांब लांब, त्यामुळे वणवाही पोचत नाही. फारच हाल झाले तर अर्धं अंग मरू देतात आणि सालीच्या एका पट्टीवर जगतात."

"सो टफ, लाह!" मुलगी इथल्या इंग्रजीत म्हणाली.

ताईंबद्दलही सगळे हेच म्हणत. नवरा लवकर गेलेला, दोन-दोन वर्षांची कंत्राटं, आज हा देश, उद्या तो. पण तोंडात तक्रार म्हणून कधी नाही. मीही कौतुकाने म्हटलं, "तुम्ही त्या झाडांसारख्याच आहात."

त्या हसल्या नाहीत. "अगं, तिथे रुजलेली बहुतेक रोपं लहानपणीच मरतात. त्यांना कोण मोजतं? उरलेल्या एकाचा फोटो काढतात."

यंदा कंत्राट वाढलं नाही. महिन्याभरात देश सोडायचा होता. सामान बांधताना त्यांनी सहज सांगावं तसं सांगितलं, की छातीत गाठ आहे. वर्षापासून माहीत आहे.

"वर्षापासून? आणि डॉक्टर?"

"कंत्राट वाढू दे, मग बघू म्हटलं."

"भावाला तरी सांगायचं, ताई!"

"तो म्हणाला असता, परत ये. येऊन करू काय?"

आठवड्याने सकाळी चहा घेताना त्यांना धाप लागली. संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये त्या गेल्या. गाठीच्या आजारात रक्ताची गुठळी होते, ती फुप्फुसात अडकली, असं डॉक्टर म्हणाले.

साताऱ्याहून भाऊ आले. निघण्याआधी म्हणाले, "तिचं ऑफिस बघायचंय."

पास नसल्याने आम्हाला आत सोडलं नाही. आम्ही बाहेर उन्हात उभे राहिलो. काचेच्या उंच इमारतीकडे मान वर करून त्यांनी विचारलं, "कितव्या मजल्यावर बसायची?"

चार वर्षांत मी ताईंना कधी विचारलंच नव्हतं.