दोघेही एकाच काठाकडे वळले

ती टक्कर आठवली की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

साताऱ्याच्या पश्चिमेला, धरणाच्या फुगवट्यात, भर दुपारी दोन प्रवासी लाँच समोरासमोर धडकल्या. एक अंगणवाडी सेविका बुडाली. ती ज्या लाँचमध्ये होती, तिचा म्हातारा चालक अजून ओल्या कपड्यांत काठावर थरथरत होता, तोवर दुसऱ्या लाँचचा ठेकेदार इस्त्रीच्या कपड्यांत ठाण्यात हजर. त्याची फिर्याद आधी आली म्हणून म्हातारा आरोपी झाला. तपास माझ्याकडे होता; ती माझी चूक.

"आवं सायेब, मी उजवीकडंच वळलो," म्हातारा कोठडीतून सांगायचा. "तीस वर्सं तसंच वळतूय."

माझ्या वहीत तीन प्रश्न होते. कोण चालवत होतं, कुठे वळलं, परवाना कोणाचा. तिसऱ्या दिवशी ठाण्यात निनावी फोन आला. "ठेकेदाराच्या लाँचचा कागदावरचा चालक त्या दिशी कोरेगावात लग्नाला हुता. सुकाणूवर जतचा टँकरवाला हुता."

टँकरवाल्याला आणलं. दम न देता चहा दिला.

"समोर लाँच दिसल्यावर काय केलंस?"

"डावीकडं घेतली की. रस्त्यावर घेतो तशी."

"पाण्यात दोघांनीही उजवीकडे वळायचं असतं, हे कोणी सांगितलं नाही?"

"न्हाई सायेब. पाऊस झाला, पाण्याचे टँकर बंद झाले. मालक म्हणाले, टँकर चालवतोस न्हवं? हितं बी पाणीच हाय रं, फकस्त भाईर हाय."

पंचनाम्यात दोन्ही लाँच एकाच काठाकडे वळलेल्या होत्या. का, ते आता कळलं. कोरेगावच्या लग्नातले कागदावरच्या चालकाचे फोटो मागवून ठेकेदारासमोर टाकले. तो म्हणाला, "माणूस नवा होता साहेब. एवढं चालतंच."

चालतंच! त्या एका शब्दापायी एक बाई गेली होती.

ठेकेदाराला आरोपी केलं. टँकरवाल्यालाही सोडलं नाही. न येणारं काम त्याने हाती घेतलं होतं. म्हाताऱ्याच्या सुटकेचा अहवाल कोर्टात पाठवला. तेव्हापासून अपघाताच्या प्रत्येक तपासात वहीत चौथा प्रश्न लिहीत आलो: चालवणाऱ्याला तिथे बसवलं कोणी?

सुटल्यावर म्हातारा ठाण्याच्या पायरीवरच बसला.

"बाबा, चूक तुमची नव्हती. घरी जा."

"व्हय सायेब. पर त्या दिशी मी वळलोच नसतो तर?"

नियम पाळणारा स्वतःला हा प्रश्न विचारत होता. ठेकेदाराने सगळ्या चौकशीत त्या बाईचं नावसुद्धा विचारलं नाही.