आधी छप्पर, मग दगड

बातमीत 'जमाव' हा शब्द आला की नाना चष्मा कपाळावर सरकवत आणि विचारत, "जमाव म्हणजे कोण?"

जळगावच्या आमच्या साप्ताहिकात ते बातमीदार होते. शेजारच्या टेबलावर मी मुद्रितं तपासायचो. स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल: समोर असला की वैताग आणतो, आणि नसला की करमत नाही.

पाचोऱ्याच्या एका जिनिंग कारखान्यात कापूस साफ करणाऱ्या बायका काम थांबवून फाटकाशी बसल्या. पोलिसांनी कळवलं त्यावरून आमचा मथळा तयार झाला: 'बायकांच्या जमावाची कारखान्यावर दगडफेक'. नानांनी तो वाचला आणि दुपारच्या गाडीनं पाचोरा गाठलं.

परत आल्यावर ते संपादकांना म्हणाले, "तान्ही पोरं उन्हात निजवावी लागतात. त्यांना एक छप्पर हवंय."

"आणि दगडफेक?"

"एक दगड पडला. तोही लिहिलाय. पण आधी छप्पर, मग दगड."

कारखान्याची जाहिरात आमच्या शेवटच्या पानावर असायची. संपादकांनी ते पान एकदा उलटून पाहिलं. मग बातमी तशीच छापली.

पुढच्या अंकापासून जाहिरात बंद झाली. त्या बायकाही कचेरीत आल्या, त्या चिडून.

"नाना, दगड कसाले लिखा?"

"पडला म्हणून लिहिला, अक्का."

बाकीच्या निघाल्या तरी एकजण दाराशी थांबली. हळूच म्हणाली, "तो दगड मीच फेका. मनी पोर उनमा तापी गयी व्हती."

नानांनी तिला बसायला सांगितलं, पाणी दिलं, पोरीची चौकशी केली. ताप उतरला होता.

ती गेल्यावर मी विचारलं, "हे छापायचं?"

"हे तिनं मला सांगितलं. पेपरला नाही."

पुढं पोलिसांनी दोनदा विचारलं. नानांनी नाव सांगितलं नाही.

पावसाळ्याआधी मालकानं पत्र्याचं छप्पर घातलं. त्याची बातमी मात्र दुसऱ्यानं लिहिली, कारण नानांना तोवर बाजारभावाच्या रकान्यावर बसवलं होतं. कुरकुर न करता त्यांनी वर्षभर कापसाचे आणि केळीचे भाव लिहिले. मग नोकरी सोडून ते पाचोऱ्याला बहिणीकडे राहायला गेले.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते पाचोऱ्याच्या फलाटावर. मी गाडीत होतो. ते बाकावर एका म्हातारीशेजारी बसले होते आणि ती काहीतरी सांगत होती. मी खिडकीतून हाक मारली. नानांनी वळून पाहिलं, ओळखून हसले आणि हातानं 'थांब जरा' अशी खूण केली. म्हातारीचं बोलणं अजून संपलं नव्हतं.

गाडी सुटली.