उघडी काच

महाडला आमच्या शेजारी राहणारे निवृत्त सर विमानांची छोटी मॉडेल्स रंगवतात. पाण्यात भिजवलेला डिकॅल, म्हणजे क्रमांकाचा पातळ स्टिकर, ब्रशने पंखावर सरकवताना ते श्वास रोखतात. प्रत्येक विमानावर क्रमांक एकच असतो, हवाई दलातून न परतलेल्या त्यांच्या मुलाच्या विमानाचा. वैमानिकाची जागा रिकामी आणि वरची काच उघडी. "त्याला आत यायला वाट नको का रे?" असं म्हणायचे.

काल दुपारी काच बंद दिसली.

"सर, चिकटवलीत?"

"नाही रे. आला तो. हळू बोल."

मी वाकून पाहिलं. काच आतून धुरकट होती. गोंदाच्या वाफेने धुरकटलेली काच पुन्हा साफ होत नाही, हे सरांनीच मला शिकवलं होतं. ही माझ्यासमोर साफ झाली, आणि पुन्हा धुरकटली.